सॅल्फर्डमध्ये आळवे भेटले

मँचेस्टरला पाच दिवस होते. त्यातले चार भाच्याच्या हौसेत गेले. पाचवा मी हट्टाने मागून घेतला. "मावशी, फिरायला येऊन लायब्ररी?" म्हणत तो अंथरुणातच राहिला.

सॅल्फर्ड क्रेसेंट स्टेशनवरून पावसात चालत गेले. विद्यापीठासमोर लाल विटांची ज्युबिली हाउस नावाची इमारत, पूर्वी इथे नर्सेस राहायच्या. आत वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी. मुळात हे एका जोडप्याचं घरगुती वेड. एडी फ्रो इंजिनिअरिंग कामगार, रूथ शिक्षिका. सुट्टी पडली की गाडी काढायची आणि जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची. ओल्ड ट्रॅफर्डच्या घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा १९८७ साली सॅल्फर्ड पालिकेने पुस्तकांना ही जागा दिली. पालिका असंही काही करते, हे पचायला मला वेळ लागला.

मी मेरठ खटल्याबद्दल काही आहे का, असं आधीच ईमेलने विचारलं होतं. एका म्हाताऱ्या स्वयंसेवकांनी पातळ, पिवळी पत्रकं आणून फोमच्या उशीवर ठेवली. पेन बंद, फक्त पेन्सिल. मार्च १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबईचे गिरणी कामगार पुढारी उचलले आणि कटाचा खटला चालवला थेट मेरठला. आदल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. आरोपींत मँचेस्टरकडचा एक पत्रकारही, लेस्टर हचिन्सन. इथल्या कामगारांनी या खटल्यावर रस्त्यात नाटुकलं केलं होतं: हातात काठ्या धरायच्या, त्या काठ्यांचेच तुरुंगाचे गज.

नावांवरून बोट फिरवत होते. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर. मग 'अल्वे'. हे कोण, म्हणेपर्यंत ट्यूब पेटली. आळवे! अर्जुन आळवे, स्वतः गिरणीत राबलेला माणूस. आमचे आबा, म्हणजे आजोबा, गिरणीच्या साचेखात्यातले, कापड विणणारे. लाल बावट्याच्या गोष्टी सांगताना हे नाव ते असं घ्यायचे, जणू शेजारच्या खोलीतलाच कोणी.

स्वयंसेवकांना उच्चार हवा होता. आ-ळ-वे. 'ळ' काही त्यांना जमेना. तीनदा प्रयत्न करून हसले आणि चहा-बिस्किटं घेऊन आले. (आपल्याकडच्या ग्रंथालयांत माझ्या वाट्याला जास्त करून "आज बंद" हीच पाटी आली आहे.) चहा पिता पिता आबांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आजोबांचे काही कागद?"

होते. पत्र्याच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, ८२च्या गिरणी संपातली हँडबिलं, आबांच्या अक्षरातली एक वही. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मीच म्हणाले होते, कशाला हा कचरा नवीन फ्लॅटमध्ये? रद्दीवाल्याने वजनावर नेलं. किती रुपये आले तेही आठवत नाही. त्यांना एवढंच म्हणाले, "आता नाहीत." पुढे काही विचारलं नाही त्यांनी. माझा चहा गार झाला होता.

रात्री घरी फोन केला.

"आई, आबांची ट्रंक आहे का गं अजून?"

"आहे की. गहू भरलेत त्यात. का?"

"काही नाही," म्हटलं.

"फोनचं बिल किती येईल तुला," म्हणाली आणि ठेवून दिला.