शिरोडा: खांडेकर मास्तरांच्या गावात

सावंतवाडीहून मळेवाड, आजगाव करत एसटी शिरोड्याला पोचते. वेळागरच्या किनाऱ्यावर जायची घाई नव्हती. मला वि. स. खांडेकरांची शाळा बघायची होती.

"मास्तरांची शाळा? ही काय, हयसरच," चहावाले काका म्हणाले. "खंयसून इलास?" पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी न विचारता बटाटावडा पुढे केला.

खांडेकर मूळचे कोकणातले नव्हेत. जन्म १८९८ चा, सांगलीचा. पाळण्यातलं नाव गणेश. १९१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या नाणेलीला चुलत्यांकडे दत्तक गेले आणि गणेश आत्मारामचे विष्णू सखाराम झाले. १९२० मध्ये शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून आले ते १९३८ पर्यंत राहिले. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या इथल्याच. दिवसा वर्ग, नंतर लेखणी. शाळेतलं त्यांचं संग्रहालय लहान आहे, पण घाईत बघू नका.

मला गंमत वाटते ती त्यांच्या टोपणनावांची. कविता 'कुमार' या नावाने, विनोदी लेख 'आदर्श' या नावाने. गंभीर कादंबऱ्यांवर मात्र पूर्ण नाव. घरच्यांनी एकदा नाव बदललंच होतं, तेव्हा आणखी दोन घ्यायला त्यांना काय वाटणार म्हणा!

एक तक्रार मात्र आहे. अठरा वर्षं कानांवर मालवणी पडूनही त्यांची पात्रं बोलतात सुभाषितांत. त्या चहावाल्या काकांसारखं एखादं माणूस 'उल्का'त असतं तर मी ती पुन्हा वाचली असती. ध्येयवादाचं मात्र नवल वाटत नाही: १९३० च्या मे महिन्यात इथल्याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, लाठ्या खाल्लेली माणसं गावाने पाहिली. अशा गावात राहून शृंगारकथा लिहिणं अवघडच. पुढे कोल्हापूर, सिनेमा, 'ययाति', मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शाळा सुरू असेल अशा दिवशीच जा. जवळच आरवली आहे, वेतोबाचं. देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. हे जयवंत दळवींचंही गाव, आणि विनोद लिहायला बसले की दळवीही 'ठणठणपाळ' व्हायचे. या पट्ट्यात हसवायचं तर आधी नाव लपवावं लागतं की काय, कोण जाणे. वेतोबाला विचारायला हवं होतं.