बेखबर भाकर

पान ११२, वरून नववी ओळ. छापायचं होतं ‘बेखमीर भाकर’, छापून आलंय ‘बेखबर भाकर’.

अडतीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांची प्रुफं वाचली. दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ लाल पेनाने गोल करण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून स्वतःचं पहिलं पुस्तक लिहिलं, मराठीत बायबल कसकसं आलं त्याची कहाणी, आणि तिथेच माशी शिंकली. शेवटच्या फर्म्याच्या वेळी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. भाच्याने संगणकावर शुद्धलेखन तपासून दिलं. संगणकाला खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, ठाऊक नसावं. ही म्हणाली, “बरं झालं. आता तरी लोकांना नावं ठेवणं बंद होईल.”

प्रकाशक म्हणाले, पुस्तक घरबसल्या खपत नसतं, चार गावं फिरा. फिरलो.

पुण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. चहा चांगला होता. प्रश्न एकच आला आणि तो पुढे प्रत्येक गावी आला: फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ पहिल्या प्रकरणात का नाही? कारण ते भाषांतर नव्हे. १६१६ साली गोव्यात, रायतूरला, रोमन लिपीत छापलेलं ते ओवीबद्ध पुराण. कथा बायबलमधली, घाट आपल्या संतकवींचा. भाषांतराची गोष्ट त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी सुरू होते, आणि तीही बंगालात. श्रीरामपूरला, नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. तिथे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांना हाताशी धरून १८०५ मध्ये मत्तयचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मग स्वतःचं वेगळं भाषांतर केलं, त्यांचा नवा करार १८२६ चा. त्याच वर्षी त्यांच्यातला गॉर्डन हॉल नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेला. मुंबईत संपूर्ण बायबल मराठीत छापून यायला १८४७ उजाडलं. एवढं सांगेपर्यंत पुण्यात वेळ संपते आणि अध्यक्षांचं भाषण सुरू होतं.

वसईला निराळं. तिथली मंडळी कॅथलिक, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, लॅटिन मिस्सा (उपासना) ऐकलेले दोन-तीन आजोबा अजून पुढच्या रांगेत. आपापसात बोलणं तिथल्या कादोडी बोलीत, माझ्याशी शुद्ध मराठीत. सगळ्यांच्या तोंडी फादर दिब्रिटोंचं नाव. त्यांच्या ‘सुबोध बायबल’वर माझं शेवटचं प्रकरण आहे, पण पुस्तक त्यांच्या हाती द्यायचं राहिलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा मी तिसऱ्या खर्ड्यावर होतो.

एका शिक्षकाने विचारलं, “तुम्ही सगळीकडे बाप्तिस्मा लिहिलंय. आम्ही स्नानसंस्कार म्हणतो. तुमचा शब्द मराठी तरी आहे का?” नाही, तो ग्रीक आहे. पण त्याच्यामागे भांडण आहे. कॅरीच्या बॅप्टिस्ट मंडळींनी बंगालीत या शब्दाचं भाषांतर ‘बुडी’ या अर्थाने केलं. पाणी शिंपडणाऱ्या पंथांना ते कसं चालावं? लंडनच्या बायबल सोसायटीने १८३०च्या दशकात पैसे द्यायचं नाकारलं. ग्रीक शब्द तसाच ठेवला की बुडवणारेही खूश, शिंपडणारेही खूश. शिक्षक हसले. म्हणाले, “म्हणजे न बोलता बोलायचं.” हे वाक्य मला पुस्तकात हवं होतं.

आता नगर. (अहिल्यानगर लिहायला हवं, पण एसटीचा कंडक्टरही नगरच ओरडतो.) ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघालं, कवी ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई इथेच राहिले. कार्यक्रम चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. पाळकसाहेबांनी “सलाम” म्हणून ओळख करून दिली. मी भाकरीवर बोललो, कारण ते माझं लाडकं प्रकरण आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’ आहे. ब्रेड नाही, पोळी नाही, अन्न नाही, भाकर. एका शब्दात येशूचं गालील दख्खनच्या पठारावर आलं, असं मी लिहिलंय आणि असंच तिथे म्हणालो. टाळ्या पडल्या.

मग तिसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर माझं पुस्तक, त्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं.

“भाऊ, पान एकशे बारा काढा.”

मला कळलं. घाम फुटला. कबूल केलं.

“चूक होते, त्याचं काय नाही. सोळाशे एकतीसला लंडनमध्ये तर ‘व्यभिचार कर’ असं छापलं होतं, तुम्हीच लिहिलंय.” (लिहिलंय खरं. सातव्या आज्ञेतला ‘नको’ गळाला आणि छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड बसला.) “माझं म्हणणं दुसरं आहे. आपल्या भाकरीत खमीर असतं का?”

“नसतं.”

“मग बेखमीर भाकर म्हणजे कोणती? ज्वारीची बेखमीर, बाजरीची बेखमीर. सगळ्याच बेखमीर. आम्ही वस्तीवरच्या पोरी समजायचो, बेखमीर म्हणजे बिनमिठाची. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा पाठ आला की वाटायचं, बिचारे अळणी खातायत.”

हॉल हसला. मी गप्प. आजी थांबल्या नाहीत. “आणि ती बाई तीन मापं पिठात खमीर लपवते, तो दाखला. आईला विचारलं, पिठात काय लपवलं? आई म्हणाली, आंबोळीचं असेल. प्रभुभोजनाला आमच्याकडे पाव असतो, तोंडाने भाकर म्हणतो. तुम्ही म्हणता भाकर छान. छानच आहे. पण तिच्यापायी बाकीचं अडलं, ते कुठे लिहिलंय?”

कुठेच नाही. बेचाळीस पानांचं प्रकरण, त्यात ग्रीक शब्द आहे, जवाच्या पाच भाकरी आहेत, जात्यावरची ओवीसुद्धा आहे, आणि भाकर थापणाऱ्या कोणत्याही बाईला जे दिसलं असतं ते नाही. मूळ कथेत फुगलेली आणि न फुगलेली असा भेद आहे, त्यावर अख्खा सण उभा आहे. भाकर म्हटलं की तो भेदच गेला. ‘पाव’ म्हटलं असतं तर भेद राहिला असता, पण पोर्तुगिजांनी आणलेला तो शब्द नगरच्या खेड्यात रोजचं जेवण कधीच नव्हता. मी हे तिथल्या तिथे बोललो, अडखळत. आजी म्हणाल्या, “हां. आता दुसऱ्या आवृत्तीत घाला.” आणि खाली बसल्या.

त्या रात्री लॉजवर असताना कुरिअरवाल्याचा फोन आला. केडगावला पाठवलेली साठ पुस्तकं पोचली होती, पण चुकीच्या केडगावला. मला हवं होतं दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. खोकं आलं नगरला चिकटून असलेल्या केडगावात. पिन कोड लिहायचा मीच विसरलो होतो. सकाळी रिक्षाने जाऊन खोकं उचललं, हमालाला पन्नास रुपये दिले आणि दौंडमार्गे ते बरोबर केडगावला नेलं.

तिथे मी कमी बोललो. रमाबाईंबद्दल तिथल्या लोकांना मी काय सांगणार? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हटलेली. ती हिब्रू आणि ग्रीक शिकते, आणि खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून संस्कृत बाजूला सारून सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवते. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच. नवा करार १९१२ चा. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये, त्या गेल्यावर. शेवटची प्रुफं हातावेगळी होईपर्यंत त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. हे सांगताना माझा आवाज बसला. भक्तीने नव्हे. आपल्याला दहा दिवस मिळाले असते तर पान ११२ सुटलं नसतं, एवढंच मनात आलं.

बावीस पुस्तकं गेली, अडतीस उरली. परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. खोकं पायाशी घेतलं, लाल पेन काढलं, एकेक प्रत मांडीवर उघडून ‘बेखबर’वर काट मारून समासात ‘बेखमीर’ लिहीत गेलो. समोरचा भाजीवाला बघत होता. म्हणाला, “काका, सगळ्यांत एकच चूक?” म्हटलं, “छापलेली एकच.” गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. यवतला गाडी थांबली तेवढ्यात दोन प्रती नीट झाल्या.