तुम्ही विचारलंत म्हणून: चेतापेशींचे बटण

व्याख्यान संपले की एक प्रश्न हमखास येतो: ‘‘भ्रूणाच्या मेंदूत पूर्वज पेशीची चेतापेशी नेमका कोणता संकेत करतो? तो वाढवला, तर चेतापेशी जास्त तयार होणार नाहीत का?’’ ‘‘ते इतके सरळ नसते’’ एवढे म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. ती पळवाट होती हे मान्य. पण या प्रश्नाचा मला राग येतो, कारण ते बटण मी स्वतःही शोधले आहे.

त्या काळी नॉच हा पेशींमधला संकेत म्हणजे चेतापेशी होण्यावरचा ब्रेक, अशी माझी खात्री होती. चेतापेशी होऊ लागलेली पेशी पृष्ठभागावर डेल्टा प्रथिन आणते. ते शेजारच्या रेडियल ग्लियावरील (म्हणजे विभागत राहणाऱ्या पूर्वज पेशीवरील) नॉच ग्राहीला जुळले की त्या ग्राहीचा आतला तुकडा सुटून केंद्रकात जातो, हेस१ आणि हेस५ ही जनुके कार्यरत होतात आणि चेतापेशी घडवणारी जनुके दबून राहतात. ब्रेक काढला की उत्पादन वाढणार, हे मी धरूनच चालले होते. अग्रमेंदूत नॉच निकामी केलेल्या उंदरांच्या १३ दिवसांच्या भ्रूणांचे छेद पाहिले, तेव्हा चेतापेशींच्या रंगाचा पट्टा अपेक्षेहून कितीतरी जाड होता. मी तीन रात्री बसून मोजणी केली आणि गटाच्या बैठकीत फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘चेतापेशींचे उत्पादन वाढले’. मागे बसलेल्या एका सहकाऱ्याने एवढेच विचारले, ‘‘जन्माच्या दिवशी किती असतात?’’ मला ते खुसपट वाटले. नवजात पिल्लांचे मेंदू तपासायला मी त्यानंतर दोन महिने लावले. उत्तराचा अंदाज आला होता म्हणूनच लावले असावेत. त्या मेंदूंचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, पातळ होते. आधी जन्मणाऱ्या, खालच्या थरांतील चेतापेशी जागेवर होत्या. शेवटी जन्मणाऱ्या, वरच्या थरांतील फारच थोड्या होत्या. पूर्वज पेशींनी मुद्दलच मोडून खाल्ले होते आणि मी त्याला नफा म्हटले होते. उंदराच्या बाह्यकात चेतापेशी तयार होण्याचा काळ जेमतेम ६ दिवसांचा असतो आणि त्यात पूर्वज पेशींची सुमारे ११ विभाजनचक्रे होतात. पहिल्या काही चक्रांतच बहुतेक पेशी चेतापेशी झाल्या, तर पुढे विभागायला उरणार कोण? हे गणित मला पाठ होते, आणि तरीही.

माझ्या बाजूने इतकेच सांगते की भुरळ पडावी असे पुरावे समोर होते. अँजेन चेन आणि क्रिस्टोफर वॉल्श यांनी २००२ मध्ये दाखवले होते की पूर्वज पेशींत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकवून धरले, तर त्या विभागत राहतात आणि उंदराच्या एरवी गुळगुळीत असणाऱ्या बाह्यकाला चक्क घड्या पडतात. एका प्रथिनाने एवढे होते म्हटल्यावर बटण सापडले असे कोणाला वाटणार नाही? मात्र बीटा-कॅटेनिनमार्फत चालणारा विंट हा पेशींमधला संकेतच नंतरच्या टप्प्यातील पूर्वज पेशींना चेतापेशी होण्याकडे ढकलतो, हेही पुढे दोनच वर्षांत दिसून आले.

नंतर र्योइचिरो कागेयामा यांच्या गटाच्या कामाने माझी ब्रेकची उपमाही मोडीत काढली. हेस१ प्रथिन स्वतःचेच जनुक दाबते आणि लवकर नष्ट होते, त्यामुळे पूर्वज पेशीत त्याची पातळी दर दोन-तीन तासांनी चढते-उतरते. २०१३ मध्ये याच गटाने अ‍ॅस्कल१ या चेतापेशी घडवणाऱ्या प्रथिनाची पातळी प्रकाशाने नियंत्रित केली: ती हेलकावत ठेवली तेव्हा पूर्वज पेशी विभागत राहिल्या, सलग चढी ठेवली तेव्हा चेतापेशी झाल्या. एकच प्रथिन, आणि परिणाम त्याच्या तालावर अवलंबून!

फलकावर ते वाक्य लिहिणारी मी आज समोर आले, तर तिचे आकडे मी खोडणार नाही. १३व्या दिवसापुरते ते बरोबरच होते. ‘वाढले’ या शब्दावर मात्र आमचे भांडण होईल, आणि ती म्हणेल की जन्माच्या दिवसाला तरी शेवटचा दिवस का मानायचे. यावर माझ्याकडे पटेल असे उत्तर नाही. एका विभाजनातून झालेल्या दोन पेशींपैकी कोणती पूर्वज राहणार हे नॉच ठरवतो, की आधीच ठरलेले फक्त पक्के करतो, याबद्दलचे माझे मतही वर्षातून दोनदा बदलते. तेव्हा पुन्हा विचाराल, तर कोणत्या दिवशीच्या कोणत्या पेशीबद्दल विचारता आहात, तेवढे आधी सांगा.