२४ इंच ४ सूत

सोफा घेताना घरची मंडळी चार दुकानं पालथी घालतात. बसून बघतात, कापड चोळून बघतात, घरी येऊन रंगावरून भांडतात. त्याच्या शेजारची टेबलं मात्र फोनवर फोटो बघून मागवली जातात. मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते आणि बहुतेक घरांत साइड टेबलाची पाळी सगळ्यात शेवटी येते, पैसे आणि उत्साह दोन्ही संपल्यावर. मला हे मनापासून खटकतं. चहाचा कप, चष्मा, गोळ्यांची पट्टी, रिमोट, अर्धवट वाचलेला पेपर, सगळं दिवसभर त्याच टेबलावर येत-जात असतं. सहकारनगरातल्या एका घरी तर एका दुपारी असं काही बघितलं, की तेव्हापासून बसणारा माणूस समोर असल्याशिवाय मी टेबलाचं माप घेत नाही.

काकूंचा फोन आला तो शोभेच्या तक्रारीचा होता. "सोफ्याला अजिबात शोभत नाहीत गं ही टेबलं. मुलीने हौसेने पाठवलीत, तिला काही म्हणवत नाही. तूच येऊन काहीतरी सुचव."

मी गेले ती चहाच्या वेळेला. हॉल बेताचा, साधारण अकरा बाय पंधरा फुटांचा. सोफा मात्र बघत राहावा असा. संसाराच्या सुरुवातीला सुताराला घरी बसवून घडवून घेतलेला, अस्सल सागवानी, पाठीला वेताची वीण, आणि हात चांगले चार इंच रुंद, सपाट. अलीकडेच त्याच्या जुन्या कापसाच्या गाद्या काढून ४० डेन्सिटीच्या फोमच्या नव्या, जाड गाद्या बसवल्या होत्या. दोन्ही बाजूंना मुलीने बंगळूरहून ऑनलाइन मागवलेली गोल टेबलं: वर काच, मध्ये एकच काळा धातूचा खांब, खाली गोल बैठक. फोटोत छान दिसली असणार. उंची १८ इंच, सोफ्याचा हात २५.

काका भूमी अभिलेख खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. काही वर्षांपासून कंपवात आहे, उजवा हात जास्त थरथरतो. ते सोफ्याच्या उजव्या टोकाला बसतात, काकू डाव्या. ही जागांची वाटणी कुणीच बदलत नाही, असं काकू म्हणाल्या.

काकूंनी चहा आणून टेबलावर ठेवला. मी टेबलाचा रंग, काचेचा हिरवट काठ, सोफ्याच्या जुन्या पॉलिशची छटा असं सगळं बघत होते. मग नजर काकांच्या हाताकडे गेली. कप घ्यायला त्यांना दंड सोफ्याच्या हातावरून बाहेर काढून खाली वाकवावा लागत होता. कोपराला कुठेच टेकू नव्हता. वर येताना कप जेवढा सोफ्याच्या हाताला लागू नये म्हणून ते जपत, तेवढी थरथर वाढत होती. अर्धा घोट बशीत. काकूंनी न बोलता बशी पुसली, त्यांना त्याची सवय झालेली दिसली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. काकूंचे हात ओले होते, म्हणून काका उठायला लागले. आधी ते गादीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकले. सोफ्याचे हात गादीच्या थोडे अलीकडेच संपत होते, त्यामुळे पुढे सरकल्यावर सोफ्याचा हात त्यांच्या मागे राहिला. मग त्यांनी सरळ उजवा तळवा टेबलाच्या काचेच्या कडेवर ठेवला आणि भार दिला. माझी नजर खालीच होती. टेबलाच्या बैठकीची पलीकडची कड फरशीवरून उचलली गेली, खालची रबरी बटणं मला स्पष्ट दिसली. मी झेप घेऊन टेबल दाबून धरलं.

"अगं, रोजचंच आहे ते," काका म्हणाले. "मी बेताने दाबतो."

माझ्या पोटात गोळा आला. काच १८ इंचांची आणि खालची बैठक जेमतेम १२ इंचांची. म्हणजे काचेचा चारही बाजूंचा तीन-तीन इंच भाग बैठकीच्या बाहेर अधांतरी. ताटाच्या कडेवर जोरात बोट दाबलं की समोरची कड उठते, तसंच हे. फुलदाणी ठेवायला असं टेबल चालेल. पण सोफ्याशेजारच्या टेबलावर फुलदाणी एकटी राहत नाही. गुडघे दुखणारा, चक्कर येणारा, झोपाळलेला, असा घरातला प्रत्येक माणूस उठताना त्याच्यावर हात टेकतो. पाहुणेही टेकतात. बघायला लागलात की सगळीकडे दिसेल.

मी काकूंना म्हटलं, "शोभेचं नंतर बघू. आधी ही दोन्ही इथून हलवू या." त्याच दुपारी ती टेबलं बाल्कनीत गेली.

मग माप. सर्वसाधारण ठोकताळा सोपा आहे: टेबलाचा माथा सोफ्याच्या हाताच्या पातळीला किंवा इंच-दोन इंच खाली, वर कधीच नाही, आणि पुढून मागेपर्यंतची खोली सोफ्याच्या एकूण खोलीपेक्षा थोडी कमी, म्हणजे टेबल पुढे येऊन कुणाच्या गुडघ्याला लागत नाही. पण हा ठोकताळा रिकाम्या सोफ्याचा. नवीन फोममुळे या सोफ्याची बैठक वर आली होती, सव्वासोळाची अठरा झाली होती, आणि काका बसले की ती पुन्हा इंचभर दबत होती. शिवाय थरथरणाऱ्या हाताला अर्धा इंचही कळतो. म्हणून मी काकांना त्यांच्या जागी बसवलं, स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल शेजारी ठेवलं आणि काकूंकडे जाडजूड पुस्तकं मागितली. काकूंनी माळ्यावरून दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला.

स्टुलावर एकेक अंक चढवत गेलो. अट एकच: काकांनी टीव्हीकडे बघत, खाली न बघता, अर्धा पाणी भरलेला कप ठेवायचा आणि उचलायचा. आधी कप आदळायचा, कारण हात माथा शोधत खाली जायचा. मग अंक वाढवले तसा आवाज कमी झाला. जास्त वाढवले तर कोपर सोफ्याच्या हातावरून उचलावं लागायचं आणि थरथर परत. आता काकांना त्यात रस वाटू लागला. त्यांनी स्वतःची जुनी टेप मागवली, चष्मा बदलला, आणि प्रत्येक वेळी आकडा स्वतः वाचून काकूंना लिहायला लावला. जिथे कोपर सोफ्याच्या हातावर टेकलेलं राहून फक्त मनगट पलीकडे जात होतं आणि कप आवाज न करता बसत होता, ती उंची निघाली साडेचोवीस. काकूंनी वहीत २४.५ लिहिलं, आमच्या मिस्त्रींच्या भाषेत २४ इंच ४ सूत, कारण एका इंचाचे आठ सूत.

तसंच पुढे-मागेही बघितलं. लोक साइड टेबल भिंतीला चिकटवून ठेवतात, कारण तिथे ते नीटनेटकं दिसतं. पण बसलेल्या माणसाचा हात सोफ्याच्या हाताच्या पुढच्या अर्ध्या भागात असतो. टेबल मागे गेलं की खांदा मागे वळवावा लागतो. काकांचं टेबल पुढे, गादीच्या कडेच्या रेषेपर्यंत आणायचं ठरलं. रुंदी २० इंचांवर थांबवली, कारण त्या बाजूनेच आत बेडरूमकडे जायची वाट आहे आणि ती तीन फूट मोकळी ठेवायची होती. उद्या वॉकर लागला तर तो अडखळता कामा नये.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. मी तिला नीट सांगितलं, टेबल हलवून दाखवलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?" काका म्हणाले, "तू पाठवलेली वस्तू, त्यात काय सांगायचं?" यावर काकूंनी विषय बदलला. मुलीने काकांच्या फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला आणि मी त्यांच्याशी बोलून घेतलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: उठताना पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, कंबरेतून पुढे वाकायचं आणि हाताने सोफ्याचा हात दाबायचा; टेबल तोल सावरण्यापुरतं. तसा सराव त्या करून घेणार होत्या.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. ते कुडाळचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, "ताई, सराव होऊ दे, पण माणूस हात टेकणारच. टेबल असं करू की टेकला तरी हलणार नाही."

त्यांनी सुचवलेला उपाय मला अजून आवडतो. पहिल्यांदा ते म्हणाले, सोफ्याच्या चौकटीला बोल्ट मारू. काकू लगेच "माझ्या सोफ्याला भोकं पाडायची नाहीत." मग त्यांनी टेबलाच्या पायांना तळाशी दोन सपाट लोखंडी पट्ट्या लावल्या, ५ मिलिमीटर जाडीच्या. एक पट्टी सोफ्याच्या पुढच्या पायाखाली सरकते, दुसरी मागच्या. वरून सोफ्याचं आणि बसणाऱ्यांचं वजन. सोफा तिरका होऊ नये म्हणून त्याच्या दुसऱ्या बाजूच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे कडक रबर. पट्ट्या सोफ्याच्या पायांच्या रंगात रंगवल्या, पायात येतील अशी कुठलीच कड बाहेर ठेवली नाही. नंतर मी स्वतः त्या टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी रेटून बघितलं. जागचं हललं नाही.

लाकडासाठी आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. नवीन सीपी टीक, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान, उत्तमच. पण ताजं कापलेलं पिवळसर दिसतं आणि जुन्या सोफ्याशेजारी परकं वाटतं. मिस्त्रींनी वाडा पाडल्यावर निघालेल्या चौकटींचं जुनं सागवान शोधून काढलं. खिळ्यांची भोकं बुजवावी लागली, रंधा मारायला दुप्पट वेळ गेला, पण ते लाकूड आता फारसं आकसणार नाही की वाकणार नाही आणि रंग जवळपास सोफ्याचाच. चार पाय, चारही माथ्याच्या थेट कोपऱ्यांखाली, बाहेर न फाकलेले. खाली जड फळी, जिच्यावर काकांचे नकाशे आणि शब्दकोडी. माथ्याला तीन बाजूंनी दोन सुतांची उभी कड ठेवली, म्हणजे घसरलेला पेला खाली जाणार नाही. पुढची बाजू मोकळी आणि पूर्ण गोलवलेली, कारण तिथे तळवा येतो. पॉलिशच्या बाबतीत मी हट्ट धरला. सोफ्यावर जुनं लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे, सुंदर, पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरं वर्तुळ उठतं. टेबलाला मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं बिनचकाकीचं पॉलिश केलं. काच मुद्दाम नाही: काचेवर कप सरकतो आणि वाजतोही.

काकूंच्या बाजूची अडचण वेगळी. सोफा आणि बाल्कनीच्या दाराची चौकट यांत अवघे १३ इंच. तिथे आधीचं १८ इंचांचं टेबल पाच इंच दारात येत होतं, त्या रोज अंग तिरकं करून बाहेर जायच्या आणि हेही कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलीने विचारलं, "पण दोन्ही टेबलं सारखी नकोत का?" जोडी सारखी असावी हा समज फार पक्का आहे. माझ्या मते जोडीत उंची, माथ्याची जाडी आणि पॉलिश एक असलं की डोळ्याला पुरतं. आकार ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे. काकूंचं टेबल दहा इंच रुंद केलं, लांबट, वर एक ड्रॉवर. त्यात चष्मा, क्रोशाच्या सुया, आणि मागे बोटभर भोक पाडलंय त्यातून चार्जरची वायर.

दिवा त्यांच्याच बाजूला, कारण रात्री विणकाम त्या करतात. इथेही बसवूनच माप घेतलं. बसलेल्या काकूंची नजर जमिनीपासून ४० इंचांवर. शेडची खालची कड त्याच पातळीला हवी. वर गेली की बल्ब डोळ्यात येतो, खाली गेली की उजेड हातांवर न पडता टेबलावरच सांडतो. म्हणजे साडेचोवीसवर साडेपंधरा इंच उंचीवर शेड सुरू होणारा दिवा. दुकानातले ऐटबाज दिवे बहुतेक यापेक्षा उंच निघाले. शेवटी साध्या मातीच्या बैठकीचा, सुती शेडचा मिळाला, त्यात पिवळसर उजेडाचा बल्ब.

टेबलं बसवली त्या दिवशी काकांनी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं अवजार, मागून घेतला आणि चारही कोपरे तपासले. मिस्त्री शांतपणे उभे राहिले. तपासून झाल्यावर काकांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि कुडाळकडच्या जमिनींच्या मोजणीबद्दल विचारायला सुरुवात केली. चहा आला, काकांनी बोलता बोलता कप टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला. बशी कोरडी होती. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि शोभतात पण." बाल्कनीतल्या काचेच्या टेबलांवर त्यांनी तुळस आणि गवती चहाच्या कुंड्या ठेवल्या होत्या.

मध्यंतरी मुलीचा बंगळूरहून मेसेज आला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्या सोफ्याशेजारीही टेबल हवंय. फोटो एकही नव्हता. सोफ्याच्या हाताची उंची, एकूण खोली, वाटेची रुंदी, सासूबाई बसल्यावर कोपर कुठे येतं, सगळं इंच-सुतांत लिहून पाठवलं होतं. त्या बसल्यावर गादी किती दबते तेवढं राहिलंय, ते मागवलं आहे.