आईला सांग की गं!

परवा रात्री पावणेदोन वाजता मी पुस्तकातल्या मुलीवर ओरडले. फार मोठ्यानं नाही, पण शेजारी घोरणाऱ्या नवऱ्यानं कूस बदलून "काय झालं?" विचारण्याइतपत. आता याला काय सांगू? इंग्लंडातल्या एका सतरा वर्षांच्या पोरीला कोणीतरी धमकीची चिठ्ठी पाठवलीय आणि ती कार्टी घरात कोणाला सांगत नाहीये!

पुस्तक लेकीचं. यंदा दहावीत जातेय ती. सुट्टीत दोन दिवसांत तिनं ते फस्त केलं आणि माझ्यापुढे टाकलं. "वाच. पण शेवटचं पान आधी बघायचं नाही." माझी ही खोड तिला ठाऊक आहे. हॉली जॅक्सन या ब्रिटिश लेखिकेची २०१९ सालची पहिलीच कादंबरी, 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'. नाव वाचून मी नाक मुरडलं होतं, हे कबूल करते.

लिटल किल्टन नावाचं एक काल्पनिक गाव. पाच वर्षांपूर्वी तिथली अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. तिचा मित्र सॅल सिंग यानं तिला मारलं आणि मग स्वतःचाही जीव दिला, असं सगळं गाव धरून चाललंय. पिप नावाच्या आपल्या नायिकेला मात्र ते पटत नाही, म्हणून ती शाळेच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेते. तिकडे शेवटच्या वर्षांतल्या मुलांना आपल्या आवडीच्या विषयावर असा स्वतंत्र प्रकल्प करता येतो. आमच्या घरात प्रकल्प म्हणजे थर्माकोल, घोटीव कागद आणि आदल्या रात्री जागणारे आईबाप. खून वगैरे शोधायला वेळ कुठला!

पण लेखिकेनं एक झकास युक्ती केलीय. पिपच्या नोंदी, मुलाखती, संशयितांची यादी, सगळं जसंच्या तसं आपल्यापुढे मांडलंय. मग आपणही पेन्सिल घेऊन बसतो. मी बसले. लेक सकाळ-संध्याकाळ चौकशीला यायची, "आता कोणावर संशय?" मी सांगितलं की गूढ हसायची. माझे सगळे अंदाज चुकले. नियमानं चुकले.

मी तिच्याएवढी असताना, खरं तर दोन-तीन वर्षांनी लहानच, माझ्या हातात फास्टर फेणे होता. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला, काडीपैलवान, सायकलवर सुसाट, आणि काही सुचलं की तोंडानं 'टॉक्' करणारा. (फुरसुंगी म्हटलं की हल्ली लोकांना कचरा डेपो आठवतो. मला अजून बन्याच आठवतो.) वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून मी सकाळी नेलेलं संध्याकाळी परत करायची. काकू संशयानं बघायच्या, "वाचलंस तरी का गं?"

तो पोरगा प्रतापगडावर जायचा, काश्मीरला जायचा, चोरांच्या मागावर रात्रीबेरात्री हिंडायचा. मी सायकलच्या कॅरिअरवर बसून त्याच्या मागे. तेव्हा एकदाही, अगदी एकदाही माझ्या मनात आलं नाही की फुरसुंगीला त्याची आई असेल, आणि पोरगं पुण्यात नेमकं काय करतंय हे तिला कळलं तर त्या माऊलीचं काय होईल. आई ही पुस्तकाबाहेरची वस्तू होती. दूध प्यायला हाक मारणारी.

आता कॅरिअरवरून कोणीतरी मला उतरवलंय. पिप एकटी कोणाच्या तरी घरात शिरते आणि मी तिच्याबरोबर आत जातच नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात उभी असते, घड्याळाकडे बघत.

शोध घेणाऱ्या मुलांच्या गोष्टीत लेखकाला आधी आईबापांचा बंदोबस्त करावा लागतो. बहुतेक जण सोपी वाट काढतात. मुलं वसतिगृहात, नाहीतर सुट्टीला मामाकडे, नाहीतर बिचारी पोरकी. पिपचं तसं नाही. तिचे आईवडील घरातच आहेत आणि चांगले आहेत, प्रेमळ, थट्टेखोर, विचारपूस करणारे. म्हणजे मुलीला दार उघडं आहे, तरी ती सांगत नाही. मला झोप लागली नाही ती यामुळे, खुन्यामुळे नाही.

आणि सॅलची आई. तिला पुस्तकात जागा थोडीच आहे. परक्या मुलखात येऊन वसलेलं कुटुंब, मुलगा गेलेला, वर खुनी ठरलेला, आणि गाव तोंड फिरवून चाललेलं. सिंग हे नाव वाचलं आणि ती मला आमच्या सोसायटीतली वाटायला लागली. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिचं काय? ती फारशी येतच नाही."

या कादंबरीच्या अमेरिकी आवृत्तीत गावच बदललंय. इंग्लंडातलं लिटल किल्टन उचलून कनेक्टिकटमध्ये नेलं आणि नाव ठेवलं फेअरव्ह्यू, तिथल्या मुलांना जवळचं वाटावं म्हणून. गाव हलवता आलं. पण पोरगी अमेरिकेत गेली तरी तिनं चिठ्ठी आईपासून लपवलीच असणार.

शेवटी लेकीला विचारलंच. "तुला अशी चिठ्ठी आली तर?"

"अगं, तिनं आईला सांगितलं असतं तर पुस्तक चाळीस पानांत संपलं असतं!"

"मी पुस्तकाचं विचारत नाहीये."

ती हसली आणि पोहे घेऊन खोलीत गेली. उत्तर दिलंच नाही. पिपच्या भाषेत सांगायचं तर, साक्षीदारानं प्रश्न टाळला.

पुस्तक संपलं परवाच, पहाटे चारला. शेवटचं पान आधी बघितलं नाही, शपथ. याचे पुढे आणखी दोन भाग आहेत आणि दुसरा तिनं मैत्रिणीकडून आणलाय, एवढं मला कळलं. पण मागितला तर म्हणाली, "तो नको वाचूस आई. तुला झेपणार नाही." आणि कुठेतरी दडवून ठेवला.

तीन मिनिटं लागली. कपाटात स्वेटरांच्या मागे. मे महिन्यात स्वेटरांची घडी विस्कटलेली!