बोट काठाला बांधली तेव्हा

केरळातल्या आलप्पुळ्यात (अलेप्पीत) हाऊसबोटी जिथून सुटतात, त्या धक्क्याला ‘फिनिशिंग पॉइंट’ म्हणतात. 1952 साली सुरू झालेली नेहरू ट्रॉफीची सर्पनौकांची शर्यत इथेच संपते. आमची सहल मात्र जानेवारीतल्या एका दुपारी बारा वाजता इथूनच सुरू झाली, आणि तीही ट्रॅफिक जॅमने. पुढे बोट, मागे बोट, मध्ये जलपर्णी. “पाण्यात येऊनसुद्धा पार्किंगची मारामारी!” आई म्हणाली.

धक्क्याजवळचं पुन्नमडा तळं ओलांडून वेंबनाड तलावाचं रुंद पाणी आलं, तेव्हा कुठे मोकळं वाटलं. आईचं लक्ष मात्र देखाव्याकडे नव्हतंच. ती वाकून बोटीची फळी चाचपत होती. खिळा कुठेच नाही! फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आणि वर काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा थर. म्हणून तर नाव केट्टुवळ्ळम: केट्टु म्हणजे बांधणं, वळ्ळम म्हणजे होडी. पूर्वी याच होड्यांतून या भागातला, म्हणजे कुट्टनाडचा, तांदूळ कोचीला जायचा. रस्ते झाले, ट्रक आले, होड्या रिकाम्या पडल्या आणि मग त्यांच्यावर आमच्यासारख्यांसाठी खोल्या चढल्या.

जेवणात केळीच्या पानावर लाल तांदळाचा भात आणि तळलेला करीमीन मासा. “चव आहे, पण खायचं की काटे मोजायचे?” आईने विचारलं आणि दुसरा तुकडा घेतला.

मी झोपणार होते, पण कैनकरी गावाच्या कालव्यात बोट शिरली आणि झोप उडाली. कालव्याला लागून मातीचा अरुंद बांध, बांधावर एका ओळीत घरं आणि माड, आणि घरांच्या पलीकडे भातशेती. पण ती चक्क पाण्याच्या पातळीखाली! वरच्या डेकवर उभं राहिलं की नीट दिसतं: नदी वर, शेत खाली. इथली बरीचशी शेती समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे, पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकावं लागतं. पूर्वी हेच काम माणसं पायांनी मोठं चाक फिरवून करायची. बांध फुटला की पीक गेलं. असल्या जागी लोक अंगणात जास्वंद लावतात, याचं मला फार नवल वाटलं.

साडेपाचला बोट काठाला बांधली. रात्रभर तरंगत जाऊ, अशी माझी बावळट समजूत होती. रात्री कोळी जाळी टाकतात, म्हणून हाऊसबोटींना फिरायची मनाई. मी हिरमुसले. पण इंजिन बंद झालं आणि कळलं की दिवसभर आपण त्या घरघरीवरून ओरडून बोलत होतो.

आता भांडी घासल्याचा आवाज येत होता. समोरच्या पायरीवर एक बाई बसली होती. सरकारी प्रवासी बोट आली, शाळेची दोन पोरं तिच्या दारात उतरवून गेली. पाण्यातली एसटीच ती. आई मराठीत, बाई मल्याळममध्ये, अशा त्यांच्या गप्पा अंधार पडेपर्यंत चालल्या. विषय बहुधा मासे आणि मुलं. मी मध्ये पडले नाही.

एसी रात्री नऊनंतरच चालू होईल, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तोवर डासांनी जेवण उरकलं.

सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसले होते. दोरी सोडताना आईने पायरीकडे पाहून हात हलवला. बाईच्या हातात कपड्यांची बादली होती. तिने ती खाली ठेवली आणि हात हलवला.