बसची तक्रार कुठल्या खान्यात?

आज दिवसभर लायब्ररीत १९५६ ची पेपरांची फाईल, पान उलटलं की कडेचा चुरा टेबलावर आणि शिंका वेगळ्याच. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या आधीच्या नि नंतरच्या वाचकांच्या पत्रांचं कंटेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे कुठल्या विषयावर किती लिहिलंय ते मोजणं, चाललंय आमचं. ऐकायला सोपं वाटतंय, पत्रं मोजायची नि खाने भरायचे, पण बसवरच्या पाटीबद्दल कुणी तक्रार केली तर ती 'भाषा' की 'वाहतूक'? मैत्रीण म्हणाली वाहतूक, मी म्हटलं भाषा, त्यातच चहा गार झाला की! म्हणून तर दोघांनी एकमेकांचं न बघता कोडिंग करायचं, म्हणजे प्रत्येक पत्राला खाना द्यायचा, आणि किती जुळतंय ते कोहेनचा कप्पा ह्या आकड्यानं तपासायचं, तो योगायोग वजा करतो; नुसत्या टक्केवारीत योगायोगानं जुळलेलं पण धरलं जातंय.

१८८४ चं बेळगावचं गॅझेटियर, इंग्रज सरकारनं काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, ते पण काढलं. जातींची वर्णनं वाचून वैताग येतोय, पण साहेबाची नजर कशी होती ते मात्र झकास कळतंय. पेपरात तरी काय, पत्रं लिहिणारे शिकलेले, बेळगावातल्या शहापूरच्या मागावर बसणारी बाई काय म्हणत होती ते ह्या फाईलीत मिळायचं नाही. त्यासाठी घरोघरच्या ट्रंका उघडायला पाहिजेत, थॉमस आणि झ्नानिएत्स्की ह्या समाजशास्त्रज्ञांनी पोलिश लोकांची घरची पत्रं वापरली तसं. कुणाकडं आजी-आजोबांची पत्रं असतील तर इनबॉक्स करा, फोटो काढून लगेच परत देतो.